आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी: एका कॉर्व्हेटच्या केबिनमधली उष्णता

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अण्णा सांगलीहून आमच्याकडे डॅलसला आले. प्रवासाचा शीण उतरल्यावर त्यांना पहिल्यांदा माझ्या गाडीतून बाहेर नेले, तेव्हा दुपारचे चार वाजले होते. बाहेर ३८ अंश सेल्सिअस होते आणि एसी मी शेवटच्या आकड्यावर ठेवला होता. वीस-पंचवीस मिनिटे ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, माझा डावाच पाय का भाजतोय? उजवा तर चांगला गार आहे."

तोवर या उष्णतेपायी माझे दोन शनिवार-रविवार गेले होते, गालिच्याखाली घालायच्या मॅटवर बरेच पैसे गेले होते, आणि हा साधा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. पुढचे सगळे काम त्या वाक्यापासून सुरू झाले. एक्झॉस्ट, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणारे पाइप, बदलल्यावर ज्यांची गाडी आतून तापू लागली आहे, त्यांना उपयोग व्हावा म्हणून चुका आणि आकडे यांच्यासकट हे प्रकरण लिहिते आहे.

गाडी आणि तिच्यात केलेला बदल

गाडी २००२ सालची शेव्हरोले कॉर्व्हेट, पाचव्या पिढीतली. हिला सगळे सी५ म्हणतात. १९९७ ते २००४ या मॉडेल-वर्षांत ती केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीनच्या कारखान्यात बनत होती. इंजिन एलएस१ जातीचे, आठ सिलिंडर, ५.७ लिटर, ३५० अश्वशक्ती. इंजिन पुढे असले तरी गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी आहे. दोघांना जोडणारी टॉर्क ट्यूब दोन सीटांच्या मधल्या उंचवट्यातून, म्हणजे टनेलमधून, मागे जाते. हे टनेल खालून एका लांब पत्र्याने बंद केलेले असते, आणि त्या पत्र्याच्या लगेच खालून एक्झॉस्टचे दोन पाइप धावतात. म्हणजे तुमची पोटरी आणि तापलेला पाइप यांच्या मध्ये टनेलची भिंत, थोडी हवा आणि तो खालचा पत्रा, एवढाच आडोसा.

या गाडीचे पायाखालचे तळ मात्र वेगळेच आहे. कंपोझिटच्या (तंतू आणि राळ यांच्या टणक मिश्रणाच्या) दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड भरलेले. बाल्सा वजनाने हलके, आत हवेच्या पेशीच पेशी, म्हणून उष्णता फार हळू पुढे सरकू देणारे. वजन वाचवायला आणि थरथर कमी करायला ते घातले, पण त्यामुळे या गाडीचे तळ मुळातच उष्णतारोधक झाले आहे. मला हे माहीत होते. कामाच्या वेळी मात्र ते डोक्यात आले नाही.

हिवाळ्यात मी गाडीला लांब हेडर्स (सिलिंडरांमधला जळका गॅस बाहेर नेणाऱ्या नळ्या), हाय-फ्लो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा, थोडक्यात कॅट) आणि दोन्ही बाजूंचे पाइप मध्ये जोडणारा एक्स-पाइप बसवून घेतला. कॅट काढूनच टाकू या, असे गॅरेजवाल्याने सुचवले होते. मी नाही म्हटले. अमेरिकेत रस्त्यावर चालवायच्या गाडीचे कॅट काढायला कायद्याने मनाई आहे, आणि कायदा नसता तरी मागच्या गाडीतल्या माणसाच्या नाकात तो धूर सोडणे मला पटले नसते. थंडीत काही जाणवले नाही. उलट आतली ऊब बरीच वाटायची. एप्रिलच्या अखेरीस घोटे तापू लागले आणि मे महिन्यात गाडी चालवणे नकोसे झाले.

असे का होते ते आधी सांगते. मूळच्या आखूड मॅनिफोल्डमधून, म्हणजे हेडर्सच्या जागी आधी असलेल्या नळ्यांमधून, गॅस लगेच खाली उतरतो. लांब हेडर्समध्ये प्रत्येक सिलिंडरची नळी लांबवून मागे नेलेली असते आणि एका बाजूच्या चारही नळ्या जिथे एकत्र येतात तो कलेक्टर पायांच्या जागेच्या जवळ येतो. कॅट त्याच्याही मागे, म्हणजे थेट टनेलच्या तोंडाशी. कॅटमध्ये उरलेसुरले इंधन जळते, त्यामुळे तो स्वतःच एक छोटी भट्टी असतो. शिवाय नव्या नळ्या पातळ आणि उघड्या, त्यांच्यावर उष्णता अडवणारे मूळचे आडपत्रे बसत नाहीत म्हणून ते निघालेले. इंजिनने निर्माण केलेली एकूण उष्णता फारशी वाढलेली नसते. ती मागे सरकते आणि उघडी पडते.

आता तापमानाचे गणित पाहा. तापलेली वस्तू जी उष्णता किरणांनी फेकते, ती केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. पाइपाचा पृष्ठभाग ३०० अंश सेल्सिअसवरून ४५० अंशांवर गेला, तर आकडा दीडपट झालेला दिसतो. पण केल्विनमध्ये ५७३ चे ७२३ होतात आणि किरणांनी येणारी उष्णता सुमारे अडीचपट होते. पाइप थोडासाच जास्त तापला आणि पाय मात्र एवढे भाजू लागले, याचे कोडे इथे सुटते.

पहिला प्रयत्न

मे महिन्यात मी दोन्ही सीट काढल्या, गालिचा उचलला आणि सगळ्या तळावर ब्यूटिलची (एका चिकट रबराची), वरून चकचकीत अॅल्युमिनियमची कातडी असलेली मॅट चिकटवली. तिच्यावर फोमचा थर, त्यावर गालिचा. टनेलच्या भिंतीवर मॅट जेमतेम अर्ध्या उंचीपर्यंत पोहोचली, कारण कन्सोल काढायचा मला कंटाळा आला होता.

गाडी शांत झाली. टायरचा आवाज कमी झाला, दार बंद करताना भारदस्त आवाज येऊ लागला. उष्णता तसूभरही कमी झाली नाही.

यात दोन चुका होत्या. ब्यूटिलची मॅट ही पत्र्याची थरथर मारण्यासाठी असते, उष्णता अडवण्यासाठी नसते. ती जड आणि भरीव असते, तिच्यात हवा नसते. दुसरी चूक जास्त शिकवणारी. चकचकीत अॅल्युमिनियम उष्णतेचे किरण परतवते, पण समोर मोकळी हवा असेल तरच. त्या कातडीला एका बाजूने ब्यूटिल आणि दुसऱ्या बाजूने फोम घट्ट चिकटलेला असेल, तर परतवायला किरणच उरत नाहीत. उष्णता स्पर्शाने पुढे जाते आणि अॅल्युमिनियम तर स्पर्शाने उष्णता वाहून नेण्यात पटाईत. बाजारात 'इतके टक्के उष्णता परतवते' असे लिहिलेले रोल मिळतात. तो आकडा समोर हवेचा पोकळ थर असतानाचा असतो, ही गोष्ट विकत घेताना कोणी सांगत नाही.

आणि हे सगळे मी बाल्साच्या तळावर केले होते, जिथून उष्णता येतच नव्हती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, ते अगदी असेच असते.

अण्णांचा प्रश्न

अण्णांनी सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये एकतीस वर्षे काढली. गाळप हंगामात चार-पाच महिने त्यांचे आयुष्य वाफेच्या पाइपांमध्ये जायचे. त्यामुळे ते गाडीत बसल्यावर आधी कशाकडे लक्ष देतील, हे मला कळायला हवे होते.

अमेरिकेत चालक डावीकडे बसतो. उजवीकडच्या सीटवर बसलेल्या अण्णांचा डावा पाय टनेलला लागून होता. मी विचार केला तर माझा उजवा पाय तापत होता, डावा नाही. दोघांचेही बाहेरचे पाय ठीक होते. उष्णता तळातून येत असती तर दोन्ही पाय सारखे भाजले असते. म्हणजे ती मधून येत होती.

घरी आल्यावर अण्णा गाडीखाली वाकून बॅटरीच्या उजेडात पाहत राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडे पाइपाला लॅगिंग करतात. तू खोलीच्या फरशीला गोधडी घातलीस."

मी म्हटले, "अण्णा, पाइपालाच कापड गुंडाळलं तर?"

"गुंडाळ, पण आधी ऊब कुठून आत येते ते तर बघ. सगळी एकाच वाटेनं येत नसते."

माझ्या मते या प्रकरणाचे सार त्यांच्या या बोलण्यात आहे. उष्णता तीन वाटांनी येते: किरणांनी, स्पर्शाने आणि वाहत्या हवेने. प्रत्येक वाटेचा उपाय वेगळा आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. वाट न शोधता सामान विकत घेतले, की माझ्या मॅटसारखे होते.

मोजमाप

मी आधी पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर वापरला आणि त्याने मला फसवले. कन्सोल काढून टनेलच्या भिंतीवर चिकटवलेल्या अॅल्युमिनियम पट्टीवर तो रोखला, तर ४७ अंश दाखवले. हात टेकवला तर क्षणभरही ठेववेना. चकचकीत धातू स्वतः फार कमी किरण फेकतो आणि समोरच्या वस्तूंचे किरण आरशासारखे परतवतो. ते यंत्र तापमान किरणांवरूनच ठरवते, त्यामुळे त्याला पट्टी दिसतच नाही, पट्टीत पडलेले छताचे प्रतिबिंब दिसते. त्याच जागी काळ्या रंगाचा एक ठिपका दिला आणि पुन्हा पाहिले तेव्हा आकडा ८० च्या पुढे गेला. चकचकीत आडपत्रा बसवून इन्फ्रारेडने मोजलेले 'आधी आणि नंतर'चे आकडे यासाठीच मी मनावर घेत नाही.

मग के-प्रकारच्या थर्मोकपलच्या, म्हणजे टोकापाशी तापमान मोजणाऱ्या, चार तारा आणि चार वाहिन्यांचा मीटर आणला. एक तार कन्सोलखाली टनेलच्या भिंतीवर, एक प्रवाशाच्या डाव्या पोटरीजवळच्या गालिच्यावर, एक पायाखाली तळावर, आणि एक गिअरच्या दांडीभोवतीच्या चामडी पिशवीच्या आत, हवेत लोंबकळती. सगळ्या फेऱ्या रात्री नऊनंतर केल्या. सी५ च्या मागच्या मोठ्या काचेतून दिवसा इतके ऊन आत येते, की सूर्याचा वाटा आणि एक्झॉस्टचा वाटा वेगळा करता येत नाही. प्रत्येक फेरी तीच: चाळीस मिनिटे हायवेला ताशी १०५ किलोमीटर आणि शेवटी दहा मिनिटे इंजिन चालू ठेवून उभे राहायचे. बाहेर ३२ ते ३४ अंश.

आकडे अण्णा लिहीत. दर पाच मिनिटांनी, बॉयलर हाऊसच्या लॉगबुकसारखे, रकाने आखून. पहिल्या फेरीच्या शेवटी टनेलची भिंत ८८, गालिचा ५७, तळ ३९ आणि गिअरच्या पिशवीतली हवा ६६ अंश होती. माणसाच्या कातडीला साधारण ४३ अंशांपासून उष्णता दुखू लागते. ५७ अंशांच्या गालिच्याला पोटरी टेकली तर काय होणार, ते उघड होते. आणि ज्या तळावर मी दोन शनिवार-रविवार खपले, ते ३९ वर सुखाने बसले होते. एक्झॉस्ट बदलायच्या आधी अशी एक फेरी मारून ठेवली असती तर तुलनेला आणखी भक्कम आधार मिळाला असता. बदल करायच्या विचारात असाल तर तेवढे आधी करा.

श्वासातली गोष्ट आधी

उष्णतेच्या मागे लागण्याआधी कार्बन मोनॉक्साइड तपासले, आणि हा क्रम कोणीही बदलू नये असे मला मनापासून वाटते. ज्या भोकातून गरम हवा आत येते, त्याच भोकातून हा विषारी गॅसही येऊ शकतो आणि त्याला वास नसतो. घरात लावायचा अलार्म इथे पुरेसा नाही. ७० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) झाले तरी तो एक ते चार तासांनी ओरडतो, कारण तो तसाच बनवलेला असतो. थेट आकडा दाखवणारा छोटा मीटर घ्यावा.

गाडी उभी असताना, एसी बाहेरची हवा घेत असताना, मीटर हळूहळू १८ पीपीएमपर्यंत चढला. आतलीच हवा फिरवायचे बटण दाबल्यावर चढणे थांबले. केबिनची बाहेरची हवा समोरच्या काचेच्या पायथ्यातून, बॉनेटच्या मागच्या कडेतून घेतली जाते. तेव्हा गळती इंजिनच्या खोलीत होती.

त्याच रात्री गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा ओबीडी स्कॅनर लावला आणि एक गोष्ट दिसली जिने मला बराच वेळ विचारात पाडले. डाव्या बाजूच्या सिलिंडरांना संगणक जवळपास नेहमीइतकेच इंधन देत होता, २ टक्के जास्त. उजव्या बाजूला मात्र ११ टक्के जास्त देत होता.

इंजिन थंड झाल्यावर व्हॅक्युम क्लीनरचे हवा बाहेर टाकणारे तोंड एका टेलपाइपला लावले, बाकीच्या तीन तोंडांत चिंध्या कोंबल्या आणि हेडर्सच्या सांध्यांवर साबणाचे पाणी फवारले. उजव्या बाजूच्या सर्वात मागच्या सिलिंडरच्या गॅस्केटवर (सांधा घट्ट बंद ठेवणाऱ्या पातळ थरावर) फेस आला. तिथले दोन बोल्ट हाताने फिरत होते. नवे हेडर्स तापून-थंड होऊन बसले की बोल्ट सैल होतात, म्हणून काही दिवसांनी ते पुन्हा आवळायचे असतात. ज्या गॅरेजने काम केले त्यांनी मला ते सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

हा सांधा गॅस बाहेर सोडत होता, शिवाय हवा आतही ओढत होता. एक्झॉस्टमध्ये दाब ठोक्याठोक्याने येतो, दोन ठोक्यांच्या मध्ये क्षणभर तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि फटीतून हवा आत शिरते. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरला ती हवा दिसते. त्याला वाटते, इंधन कमी पडतेय. संगणक इंधन वाढवतो. जास्तीचे इंधन सिलिंडरमध्ये पुरते जळत नाही आणि आत आलेल्या त्या हवेसह कॅटमध्ये जाऊन जळते. म्हणजे गॅस्केटची फट अण्णांच्या पायाशेजारची भट्टी पेटवत होती. त्यांच्या बाजूला जास्त तापत होते त्याचे हे एक कारण.

नवे गॅस्केट बसवले, सगळे बोल्ट ठरलेल्या क्रमाने आवळले, ३०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळले. उजव्या बाजूचे इंधन ३ टक्क्यांवर आले. मीटर शून्यावर. आणि काही झाकले नसताना, काही गुंडाळले नसताना टनेलची भिंत ८८ वरून ७९ वर आली.

उदबत्ती

दुसरी वाट वाहत्या हवेची. ती शोधायला एक साधी युक्ती केली. एका खिडकीत पुठ्ठा बसवला, त्यात भोक पाडून पंखा असा लावला की तो गाडीतली हवा बाहेर फेकेल. बाकी सगळे बंद. आत हवा विरळ झाली की प्रत्येक फटीतून बाहेरची हवा आत येणारच. मग मी आत बसून उदबत्ती हळूहळू फिरवली. एसीच्या झडपांपाशी धूर थोडा हलला. गिअरच्या दांडीपाशी नेली तेव्हा धूर जोराने वर आणि माझ्या दिशेला ढकलला गेला. फायरवॉलपाशी, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या भिंतीपाशी, पॅसेंजरच्या पायांच्या वर, तोच प्रकार.

चामडी पिशवी दिसायला छान असते, पण हवा अडवायचे काम तिच्या खालच्या रबरी बुटाचे. वीस वर्षांच्या उष्णतेने ते रबर कडक होऊन चिरले होते. फायरवॉलमध्ये ट्यूनिंगच्या वेळी मीटरची वायर नेण्यासाठी पाडलेले भोक होते. वायर काढून नेली, भोक बुजवणारा रबरी ग्रोमेट कोणी बसवला नाही.

नवा रबरी बूट, भोकाला ग्रोमेट, कडेने उष्णता सोसणारे सीलंट. एका संध्याकाळचे काम. पिशवीतली हवा ६६ वरून ४८ वर आली. टनेलच्या भिंतीचा आकडा अजिबात हलला नाही, आणि अण्णांना त्याचाच जास्त आनंद झाला. "बघ, दोन वाटा वेगळ्या आहेत," म्हणाले. गाडीच्या छताचा सुटा भाग काढून चालवताना आतला दाब बाहेरपेक्षा कमी होतो, त्यामुळे उघड्या गाडीतच पाय जास्त का भाजायचे, याचाही उलगडा झाला.

एसीचा वाटा थोडक्यात. या गाडीत हिटरच्या छोट्या रेडिएटरमधून गरम पाणी कायम फिरते, ते बंद करणारा वॉल्व नाही. थंड-गरम हवा वेगळी करणारी झडप नीट मिटत नसेल तर गारव्यात ऊब मिसळते. हिटरच्या रबरी नळ्या थोडा वेळ क्लॅम्पने दाबून पाहिले, तेव्हा झडपेतून येणारी हवा १३ अंशांवरून ८ वर गेली. पण नळ्या कायमच्या बंद करू नयेत. एलएस इंजिनमध्ये तो प्रवाह शीतकाच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या) फिरण्याचा भाग असतो. चार तोंडांचा बायपास वॉल्व लावला, म्हणजे पाणी हिटरला वगळून परत इंजिनकडे जाते. थंडी पडू लागली की तो उघडायचा, नाहीतर काचेवरचा दमटपणा जाणार नाही. सी५ समोरून नाही, बंपरच्या खालून हवा ओढते, आणि ती हवा वर वळवणारी रबरी पट्टी एका बाजूने तुटली होती. तीही बदलली. रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरच्या मध्ये पालापाचोळ्याचा जाड थर साचला होता, तो साफ केला.

टनेल

राहिली मुख्य वाट. यासाठी एक्स-पाइप खाली उतरवावा लागतो आणि टनेलचा पत्रा काढावा लागतो. त्याच्या कडेने तीसपेक्षा जास्त बोल्ट आहेत, आणि त्याचे कारण आहे. हा पत्रा गाडीच्या सांगाड्याला पिळापासून वाचवतो. तो काढताना आणि बसवताना गाडी चारही बाजूंनी सारखी टेकलेली हवी, नाहीतर सांगाडा किंचित पिळलेला राहतो आणि भोके जुळत नाहीत. जॅक लावायला सी५ च्या तळाशी ठरलेल्या खाचा आहेत, त्यांत रबरी गोल ठोकळे बसवून मगच उचलावी, नाहीतर कंपोझिट चिरते. आणि केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नये.

पत्रा उतरला तेव्हा त्याच्या वरच्या बाजूला असलेली मूळची उष्णतारोधक चादर अर्धी गायब आणि उरलेली तेलाने ओली दिसली. अण्णांनी ती बोटांनी दाबली. "दाबलेला, भिजलेला कापूस म्हणजे कापूसच नाही. त्यात हवा असते म्हणून तो काम करतो." कारखान्यात वाफेच्या पाइपावरचे ग्लासवूल कोणी पाय देऊन चेपले की ते अटेंडंटवर चिडायचे, ते मला आठवले.

पाइपालाच पट्टी गुंडाळावी का, यावर मी बराच विचार केला. गुंडाळल्याने उष्णता आत राहते, खर्चही कमी. पण पट्टीत ओल धरते, गंज लवकर लागतो, गळती दिसत नाही, आणि कित्येक हेडर्स बनवणारे गुंडाळलेल्या हेडर्सची हमी मान्य करत नाहीत. कॅटला तर गुंडाळूच नये. तो आधीच स्वतःची उष्णता निर्माण करतो, त्याला श्वास घ्यायला जागा हवी. मी मधल्या पाइपांना सिरॅमिकचा लेप करून घेतला आणि हेडर्स तसेच ठेवले. कॅटवर मोकळी जागा सोडून बाक दिलेला आडपत्रा लावला.

टनेलच्या पत्र्याच्या खालच्या अंगाला, पाइपांच्या समोर, अर्धा मिलिमीटर जाडीचा खळग्यांचा अॅल्युमिनियम पत्रा बसवला. तो चिकटवला नाही. मध्ये स्टीलचे वायसर आणि छोटे स्पेसर घालून आठ मिलिमीटर पोकळी ठेवली, पुढून आणि मागून उघडी, म्हणजे गाडी चालताना तिच्यातून हवा वाहील. वेगवेगळ्या तापमानांच्या दोन पृष्ठभागांमध्ये त्यांच्यासारखाच काळपट पत्रा नुसता आडवा धरला तरी किरणांनी जाणारी उष्णता निम्मी होते. चकचकीत पत्रा तिला त्याहून बराच जास्त अडवतो, आणि इथे त्याला समोर हवा मिळाली. मे महिन्यात गालिच्याखाली जे अॅल्युमिनियम निकामी ठरले, ते इथे कामी आले. टनेलच्या पत्र्याच्या वरच्या बाजूला नवी काचतंतूंची चादर घातली, न दाबता. ती कापताना मास्क आणि लांब बाह्या हव्यात, ते तंतू फुप्फुसाला आणि कातडीला चांगले नाहीत. पाइप बसवल्यावर आडपत्रा आणि पाइप यांच्यातली जागा सगळीकडे बोटाने चाचपून पाहिली. इंजिन झटका देते तेव्हा पाइप हलतो, आणि एकदा टेकला की उष्णता स्पर्शाने सरळ आत.

टॉर्क ट्यूबमध्ये दोन्ही टोकांना रबरी जोड असतात आणि आत बेअरिंगे. टनेल तापले की आयुष्य त्यांचेही घटते. पाय गार करण्याच्या निमित्ताने तीही वाचतात, हे मला काम करताना लक्षात आले.

त्या रात्रीच्या फेरीत टनेलची भिंत ६१, गालिचा ४२, तळ ३८, पिशवीतली हवा ४१. अण्णांनी पोटरी मुद्दाम गालिच्याला टेकवून ठेवली आणि घरी येईपर्यंत काढली नाही.

जे उरले

ड्राइव्ह-थ्रूच्या रांगेत पंधरा मिनिटे उभे राहिले तर अजूनही टनेल तापते. पोकळीतून हवा वाहत नसेल तर आडपत्र्याचे अर्धे काम थांबते, आणि रेडिएटरचे पंखे इंजिनची गरम हवा गाडीखाली ढकलत राहतात. कारखान्यातून हे पंखे शीतक शंभर अंशांच्या वर गेल्यावरच सुरू व्हावेत असे ठरवलेले असतात. ते थोडे आधी सुरू करून पाहायचे आहे, पण तेवढा एकच बदल करून आणि पुन्हा मोजूनच.

अण्णांच्या वहीत आणखी एक रकाना आहे, त्यांनी स्वतःहून वाढवलेला. इंजिन बंद केल्यावरचा. गाडी गॅरेजमध्ये उभी केली की सगळे आकडे लगेच उतरतील असे मला वाटत होते. उतरत नाहीत. हवा थांबते, पाइप आणि कॅट आपली साठलेली उष्णता वर सोडत राहतात. बंद केल्यावर सुमारे बारा मिनिटांनी टनेलची भिंत ६१ वरून ६८ वर जाते आणि मग सावकाश खाली येते. त्यामुळे लांबून आल्यावर लगेच पेट्रोल भरून पुन्हा निघालो, तर पहिली दहा मिनिटे पाय तापतात. अण्णा ऑक्टोबरात परत गेले. वही इथेच ठेवून गेले आणि शेवटच्या पानावर 'हेडर बोल्ट पुन्हा आवळणे' असे लिहून समोर तारखेची जागा कोरी ठेवली आहे.